प्रश्न ओळखावा, मग उत्तर द्यावे

१ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून देशाची जनगणना करावयाचे ठरले आहे, आणि १९३१ नंतर प्रथमच तीत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र शासनाने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला आहे. म्हणजे भंडारा जिल्ह्यातील सातही तालुक्यांत, बौद्ध वस्तीच्या प्रत्येक दारात उभा राहून प्रगणक दोन प्रश्न विचारणार: आपला धर्म कोणता? आपली जात कोणती? प्रश्न दोन असले तरी कानाला ते एकच वाटतात, आणि म्हणून आमची कित्येक कुटुंबे त्यांना एकच उत्तर देऊन मोकळी होतात. कोणी बाणेदारपणे दोन्हींना ‘बौद्ध’ असे सांगतो. कोणी मुलाची शिष्यवृत्ती जाईल ह्या धास्तीने दोन्हीकडे जुनेच नाव लिहू देतो. एकाचा बाणा आणि दुसऱ्याची धास्ती ह्या दोन्ही गोष्टी आम्हांस समजतात. परंतु दोघांचीही चूक एकच आहे. समोर आलेला प्रश्न कोणत्या जातीचा आहे, हे दोघांनीही पाहिले नाही.

प्रश्नांनाही जाती असतात, आणि त्या जन्माने नव्हे तर कामाने ठरतात. तथागतांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले; अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात ते आले आहेत. काही प्रश्नांना एकच सरळ उत्तर द्यावयाचे असते. पालीत त्यांस एकंसब्याकरणीय म्हणतात. काहींचे उत्तर फोड करूनच देता येते, ते विभज्जब्याकरणीय. काहींना उलट प्रश्न केल्यावाचून उत्तर नाही, ते पटिपुच्छाब्याकरणीय. आणि काही नुसते बाजूला ठेवावयाचे, ते ठपनीय. कोणत्या प्रश्नाला कोणती रीत लावावी हे ज्यास कळते त्यास वादात जिंकणे अवघड, असेही तेथेच म्हटले आहे. ही पाली नावे पाठ झाली नाहीत तरी हरकत नाही. बांधीत पाणी किती दिवस टिकते हे पाहून हलके धान लावावे की भारी, हे आमचा शेतकरी कोणत्याही पोथीवाचून ठरवितो. प्रश्नाच्या बाबतीत तेवढीच नजर हवी आहे.

धर्म कोणता, हा पहिल्या प्रकारचा प्रश्न होय. त्याचे उत्तर एका शब्दाचे आहे: बौद्ध. ‘पूर्वी हिंदू होतो, आता दीक्षा घेतली आहे’ असा इतिहास तेथे सांगू नये, आणि ‘तुम्हीच काय ते लिहा’ असे म्हणून लेखणी दुसऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नये. जनगणनेच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे उत्तर देणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे वा समजुतीप्रमाणे उत्तर द्यावयाचे असते. सांगितलेला धर्म जसाच्या तसा नोंदविणे एवढेच प्रगणकाचे काम. त्याविषयी वाद घालण्याचा त्यास अधिकार नाही. त्याच कायद्यान्वये ह्या नोंदी कोणास उघडून पाहता येत नाहीत, आणि त्या कायद्याखालील खटल्यांखेरीज अन्यत्र पुरावा म्हणून चालत नाहीत. तेव्हा जनगणनेत बौद्ध लिहिल्याने उद्या तहसील कचेरीत दाखला अडेल, ही भीती निराधार आहे.

मात्र ही भीती उगाच जन्मलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा हक्क हिंदू म्हणविणाऱ्यांपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध मात्र १९९० पर्यंत बाहेरच राहिले. ज्या भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी परमपूज्य बाबासाहेब १९५४ च्या पोटनिवडणुकीत स्वतः उभे राहिले व पराभूत झाले, तशा राखीव जागेवर, बाबासाहेबांमागून १९५६ साली दीक्षा घेतलेल्या माणसास कायद्याने उभे राहता येत नव्हते. नागपूर भागातील एका राखीव मतदारसंघातून १९६२ साली विधानसभेवर निवडून आलेल्या डॉ. मेश्राम ह्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हा गृहस्थ कोणता धर्म ‘मानतो’, असा तेथे प्रश्न होता. धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे, चारचौघांत जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने १९६४ मध्ये लावला आणि दीक्षा जाहीर केल्यामुळे ते राखीव जागेस पात्र नाहीत असे ठरविले. सरळ उत्तराची अशी किंमत होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० पासून राज्य शासनाने आपल्या हातातील सवलती धर्मांतरितांना दिल्या, परंतु केंद्राचे दार आणखी तीस वर्षे बंद राहिले.

आणि तरीही त्या पिढीने उत्तर दिले. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या भारतात बौद्ध सुमारे १ लाख ८१ हजार होते आणि आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात अवघे अडीच हजार. १९६१ मध्ये महाराष्ट्रातील आकडा सुमारे २७ लाख ९० हजारांवर गेला. दहा वर्षांत हा जो फरक पडला तो जन्मांनी पडलेला नाही. ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे थोडेच होते, आणि तेवढेही गमवावे लागेल हे ज्यांना ठाऊक होते, अशा शेतमजुरांनी, विडी कामगारांनी, कोतवालांनी दारात आलेल्या कारकुनास एक शब्द सांगितला, त्याचा तो आकडा आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची नोंद ६५ लाख ३१ हजार एवढी झाली. आज कायदा आपल्या बाजूस असताना हा शब्द उच्चारण्यास कोणाची जीभ अडखळत असेल, तर त्याने आपल्या आजोबांनी काय सांगितले होते ते घरातील वृद्धांस विचारावे.

आता दुसरा प्रश्न. जात कोणती, हा दिसावयास पहिल्यासारखाच सुटसुटीत; परंतु तो विभज्जब्याकरणीय आहे. त्याची फोड केल्यावाचून जे उत्तर देतात ते फसतात. ‘तू जन्माने कोणत्या पायरीवरचा?’ असा जर त्याचा अर्थ असेल, तर बौद्धाला उत्तरच नाही. ती शिडीच आपण सोडली. परंतु ‘ज्या समाजावर अस्पृश्यता लादली गेली म्हणून राज्यघटनेने संरक्षण दिले, त्यांपैकी कोणत्या समाजातून आपण आलात?’ असा अर्थ असेल, तर त्याला उत्तर आहे, आणि ते अनुसूचीतील नावानेच द्यावे लागते. महाराष्ट्राच्या यादीत महार हे नाव आहे, इतरही अनेक नावे आहेत; ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ ह्या नावाची जात त्या यादीत नाही, आणि असूही नये, कारण बौद्ध ही जात नव्हेच. जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिणारा मनुष्य आपल्या समजुतीप्रमाणे जात नाकारतो. कागदावर मात्र तो अनुसूचित जातींच्या गणनेतून स्वतःस वगळतो आणि धर्माला जात बनवितो. दोन्ही नुकसान एकाच शब्दाने!

जे नाव टाकले ते पुन्हा तोंडाने का घ्यावे, असा आक्षेप आमच्या काही निष्ठावान बंधूंचा आहे. त्यांच्या निष्ठेस आमचे वंदन. परंतु दवाखान्यात वैद्याने जखम कोठे आहे असे विचारले असता जखमेचे नाव घेणारा त्या जखमेचा अभिमान मिरवीत नसतो. शासनाचा हा प्रश्न जखमेचा आहे. १९९० च्या दुरुस्तीने धर्म बौद्ध आणि मूळ समाज अनुसूचित, ही दोन उत्तरे शेजारी शेजारी उभी राहू शकतात. ती दोन स्वतंत्र रकान्यांत, दोन स्वतंत्र शब्दांनी लिहावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे. शाळेच्या दाखल्यावर आणि अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलावर अजूनही हे दोन रकाने एक करून ‘हिंदू’ हा शब्द आपोआप लिहिण्याची सवय दिसते. सही करण्यापूर्वी वाचावे. अंगठा करणाऱ्याने वाचवून घ्यावे.

ह्याच्या उलट, रस्त्यावर आणि शेजारात विचारले जाणारे जातीचे प्रश्न. तेथे जात हा शब्द नसतो. ‘आडनाव काय?’ ‘गाव कोणते? गावात घर कोणीकडे?’ शहरात भाड्याने खोली पाहावयास जावे तर ‘घरात मांसमच्छी चालते काय?’ विचारणाऱ्यास आपल्या आडनावाशी वा ताटाशी काही कर्तव्य नसते. तो मापाचे भांडे घेऊन आलेला असतो आणि आपण त्यात काय ओतणार एवढेच पाहतो. येथे खोटे आडनाव सांगणे हे पंचशीलाशी विसंगत, आणि खाली मान घालून सर्व सांगून टाकणे हे बावीस प्रतिज्ञांशी विसंगत. येथे तिसरी रीत: उलट प्रश्न. ‘हे आपण कशासाठी विचारता?’ एवढे चार शब्द शांतपणे उच्चारले की प्रश्नाचा मुखवटा निघतो. पुष्कळ माणसे तेथेच ओशाळतात. जी ओशाळत नाहीत त्यांच्या घरी खोली न मिळालेलीच बरी, असे म्हणणे सोपे आहे. ज्याला रात्री डोक्यावर छप्पर हवे त्याला ते महाग पडते, हेही आम्ही जाणतो.

उलट प्रश्न म्हणजे उद्धटपणा नव्हे. मज्झिम निकायात अस्सलायन नावाचा तरुण ब्राह्मण येतो आणि ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, ते ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मले, असा आपल्या लोकांचा दावा मांडतो. तथागत त्यास खोडून काढीत नाहीत. ते विचारतात की ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गरोदर राहतात, प्रसूत होतात हे दिसते ना? यवन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ग आहेत आणि मालकाचा दास व दासाचा मालक होतो हे तू ऐकले आहेस ना? निरनिराळ्या कुळांतील माणसांनी निरनिराळ्या लाकडांनी पेटविलेल्या अग्नींत ज्वाळेचा, उजेडाचा काही भेद असतो काय? अस्सलायन एकेका प्रश्नाला होकार वा नकार देत जातो, आणि शेवटी त्याच्याच उत्तरांनी त्याचा दावा उलथतो.

आपल्या जिल्ह्यात हाच उपाय हाताशी आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत, पाहुणे जमले असता, कोणी म्हणतो: ‘हा धर्म तुम्ही नवीनच कोठून आणला?’ त्यास विचारावे की आपण पवनी पाहिली आहे काय? वैनगंगेकाठच्या ह्या नगरात १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून ख्रिस्तपूर्व काळातील स्तूप निघाला. दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे कोरलेले स्तंभ निघाले. मुचलिंद नागाचे शिल्प त्याच्या नावासह निघाले. त्या जमिनीत जे दोन हजार वर्षांहून अधिक काळ होते ते नवीन कसे, ह्याचे उत्तर आता विचारणाऱ्याने द्यावे.

सर्वांत घातक प्रश्न मात्र निराळाच आहे. त्यात उत्तरासाठी दोनच खुंट्या ठोकलेल्या असतात आणि दोन्ही चुकीच्या असतात. राजकुमार अभय असा प्रश्न घेऊन तथागतांकडे आला होता: आपण दुसऱ्यास अप्रिय लागेल असे बोलता काय? ‘होय’ म्हणावे तर सामान्य माणसात आणि आपणांत फरक काय, आणि ‘नाही’ म्हणावे तर देवदत्ताला कठोर शब्द का सुनावले? दुहेरी गळ होता तो. तथागत म्हणाले की ह्याचे एकच एक उत्तर नाही. आणि अभयाच्या मांडीवर निजलेल्या तान्ह्या मुलाकडे पाहून त्यांनी विचारले की ह्याने काडी वा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, असे अभय म्हणाला. गळ तेथेच तुटला.

खैरलांजीच्या संबंधात आमच्यापुढे असाच दुहेरी गळ टाकला गेला. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील ह्या गावी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून त्यांपैकी सहांना फाशीची शिक्षा दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठरविली. खून सिद्ध झाले, शिक्षा झाल्या. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे दोन्ही न्यायालयांत टिकली नाहीत. घटनेमागे सूड आहे असे मानले गेले. ‘सूड की जात?’ असा प्रश्न होता, आणि एक खुंटी निवडली गेली.

न्यायालयाचा अधिकार आम्ही मानतो. प्रश्नाची ती मांडणी आम्हांस मान्य नाही. सूड आणि जात ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत हे कोणी ठरविले? हाच उलट प्रश्न येथे हवा होता: गावातील बहुसंख्य समाजाच्या एखाद्या कुटुंबाने पोलिसांसमोर तीच साक्ष दिली असती, तर त्याच्याही घरावर जमाव अशाच रीतीने चालून गेला असता काय? सूड कोणावर घ्यावा, किती घ्यावा आणि तो घेताना कोणाची भीती बाळगू नये, हे जातच सांगते. बांधाच्या भांडणात, वाटेच्या भांडणात, पाण्याच्या भांडणात ती आपले नाव पुकारीत येत नाही.

पुढे कायद्यानेच आपला प्रश्न बदलला, आणि ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखी आहे. १९८९ च्या अधिनियमातील कलम ३ च्या ज्या पोटकलमाखाली मोठ्या गुन्ह्यांना जन्मठेप लागते, त्यात पूर्वी असे सिद्ध करावे लागे की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘ह्या कारणावरून’ गुन्हा घडला. म्हणजे आरोपीच्या मनात शिरून कारण शोधावयाचे! २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ते शब्द बदलले. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला ‘माहीत असताना’ गुन्हा घडला, एवढे आता पुरते. शिवाय आरोपी त्या व्यक्तीस वा तिच्या कुटुंबास ओळखत असेल, तर त्यास जात माहीत होती असे न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते. ‘का केले?’ ह्या अडवणुकीच्या प्रश्नाच्या जागी ‘ठाऊक होते काय?’ हा सरळ प्रश्न आला; आणि खेडेगावात कोण कोणत्या वस्तीतला हे कोणास ठाऊक नसते? तेव्हा फिर्याद नोंदविताना नुसते ‘मारले, शिव्या दिल्या’ एवढे सांगून थांबू नये. तो मला ओळखतो, माझे घर व समाज त्यास ठाऊक आहे, इतकी वर्षे आमचा शेजार आहे, हेही सांगावे आणि लिहिले गेले की नाही ते पाहावे. अनुसूचीतील नावाचा दाखला येथेच उपयोगी पडतो. त्या रकान्यात बाणेदारपणे ‘बौद्ध’ लिहिणाऱ्याच्या हातून हे हत्यार ऐन वेळी निसटते.

ठपनीय प्रश्नांविषयी थोडक्यात. घरात मृत्यू झाला म्हणजे वृद्ध माणसे हळूच विचारतात: पिंड ठेवला नाही, कावळा शिवला नाही, गेलेला जीव कोठे भटकेल? मालुंक्यपुत्ताने असेच प्रश्न विचारले, तेव्हा तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचे उदाहरण दिले. बाण कोणी मारला, त्याचे गोत्र कोणते, हे कळेपर्यंत जो बाण काढू देत नाही तो मरतो. आजीबाईंना पाली दृष्टान्त ऐकवून गप्प करावे असे आम्ही म्हणत नाही; त्यांचा प्रश्न दुःखाचा आहे, त्यांच्याजवळ बसावे. उत्तर मात्र रचून सांगू नये. बाजूला ठेवण्यासारखे प्रश्न असतात, हे आमचा सरकारी कायदाही मानतो: जनगणनेच्या त्याच अधिनियमात स्त्रीला पतीचे नाव सांगण्याची सक्ती नाही. परंतु कचेऱ्यांनी ह्या प्रकाराचा वेगळाच अभ्यास केला आहे. शिष्यवृत्ती केव्हा मिळेल, वस्तीत नळ केव्हा येईल, हे एकंस उत्तराचे प्रश्न ‘विचाराधीन’ असा शेरा मारून ते बाजूला ठेवतात. मालुंक्यपुत्ताला गप्प करणारी रीत तहसीलदारांना वापरू देऊ नये.

आणि मुलांच्या प्रश्नांना तर कोणीच बाजूला ठेवू नये. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाच्या आरंभी बाबासाहेबांनी स्वतः प्रश्न मांडले आहेत. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोपर्यंत म्हातारा, आजारी वा मेलेला मनुष्य पाहिलाच नव्हता हे कसे शक्य आहे, असे ते विचारतात. जो ग्रंथ घरोघरी वंदनीय आहे त्याचे पहिलेच पान शंका घेते! राजा मिलिंदाला नागसेनांनी संवादापूर्वीच विचारले होते की आपण पंडितांसारखे बोलणार की राजांसारखे. राजांना नकार खपत नाही, ते दंड करतात. संध्याकाळच्या वंदनेनंतर लेकीने ‘असे का?’ म्हटले असता बापाने राजासारखे बोलू नये.

प्रगणक येईल तो दिवस सांगून येणार नाही. आणि स्वतः माहिती भरण्याचीही सोय ठेवलेली आहे. त्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील जुने दाखले पेटीतून काढावेत. धर्माच्या रकान्यात काय आहे, जातीच्या रकान्यात काय आहे, आजोबांच्या कागदावर कोणते नाव आहे ते पाहावे. सून, सासू आणि कामावर जाणारा मुलगा, जो कोणी त्या वेळी घरी असेल त्याने तेच उत्तर द्यावे, म्हणून सर्वांनी ते ऐकून ठेवावे. आणि प्रगणकाने उत्तर भरल्यावर, भ्रमणध्वनीवर काय लिहिले ते त्यास मोठ्याने वाचून दाखवावयास सांगावे.